फेअरबँक्स, अलास्का : लहान मुलीसह तीन वर्षांसाठी राहायला जावे का?

कोयनाकाठ

नमस्कार. माझ्या यजमानांना फेअरबँक्स येथील अलास्का विद्यापीठाच्या भूभौतिकी संस्थेत तीन वर्षांच्या संशोधनपदासाठी विचारणा झाली असून, दोन महिन्यांत होकार किंवा नकार कळवायचा आहे. सध्या आम्ही ह्यूस्टनला राहतो आणि त्याआधीचे आयुष्य कराडला गेले, त्यामुळे आम्हा दोघांना ठाऊक असलेली थंडी म्हणजे पौषातल्या पहाटेची, शेकोटी विझेपर्यंत ओसरणारी. मुलगी सहा वर्षांची आहे आणि ऑगस्टमध्ये तिला पहिलीत घालायचे आहे. माझे हिशेबनिसाचे काम घरूनच चालते, तेव्हा माझ्या नोकरीची चिंता नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की, हिवाळ्याचे दिवस घरात बसून मलाच काढायचे आहेत.

इंटरनेटवर शोधले तर ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे आणि उकळते पाणी हवेत भिरकावून त्याचा धुरळा करून दाखवणारे पर्यटक यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. मला ऐकायचे आहे ते जानेवारीत कचऱ्याची पिशवी बाहेर नेऊन टाकणाऱ्या माणसाकडून. थंडी सोसते का, अंधाराचे काय होते, मुलांचे कसे चालते, आणि पदरात काही शिल्लक पडते का? सासूबाईंनी नकाशात ते गाव शोधले आणि "एवढ्या वर?" इतकेच विचारले. त्यांनाही काहीतरी उत्तर द्यायचे आहे.

बर्चवन

मी येथे ११ वर्षे राहत आहे. कचऱ्याच्या पिशवीपासूनच सुरुवात करतो, कारण शहराच्या हद्दीबाहेर येथे घंटागाडी येत नाही. कचरा आपणच गाडीत घालून ठरलेल्या जागेवरच्या मोठ्या लोखंडी पेट्यांपर्यंत न्यायचा असतो. त्याच आवारात एक उघडा चौथरा असतो, तेथे लोक वापरण्याजोग्या वस्तू ठेवून जातात आणि ज्याला हव्या असतील तो घेऊन जातो. आमच्या घरातली दोन पुस्तकांची कपाटे आणि मुलाची पहिली घसरगाडी तेथूनच आली आहे.

आता थंडी. जानेवारीचे सरासरी तापमान उणे २२ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि आजवरची नीचांकी नोंद उणे ५४ अंशांची, १९३४ सालची आहे. उणे ४० चे दिवस (या आकड्यावर सेल्सियस आणि फॅरनहाइट यांची गाठ पडते) हिवाळ्यात मोजकेच येतात. हवा अतिशय कोरडी असते आणि वारा जवळजवळ नसतो, त्यामुळे अंगावर नीट कपडे असतील तर उणे २५ मध्ये तासभर चालणे अवघड वाटत नाही. माझ्या मते थंडी अंगाला फारसा त्रास देत नाही, ती त्रास देते वस्तूंना, आणि त्या वस्तू सांभाळताना माणूस थकतो.

गाडीचेच पाहा. येथल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनाला, तेलाच्या तळपात्राला आणि बॅटरीला विजेवर तापणारे तुकडे बसवलेले असतात आणि गाडीच्या नाकातून एक वायर बाहेर लोंबत असते. जनावर दाव्याने खुंटीला बांधावे तशी गाडी रात्री भिंतीवरच्या प्लगला बांधायची. कचेऱ्यांच्या वाहनतळांवरही असे प्लग असतात. ही बांधणी एका रात्री विसरली की सकाळी इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट झालेले असते. गाडी सुरू झाली तरी पहिला अर्धा मैल ती खडकाळ रस्त्यावरून चालल्यासारखी धडधडते, कारण रात्रभर जमिनीला टेकलेला टायरचा भाग सपाट होऊन तसाच गोठलेला असतो. येथे त्याला चौकोनी टायर म्हणतात.

अंधाराबाबत आकडेच सांगतो. २१ डिसेंबरला सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या आत मावळतो. दिवस जेमतेम ३ तास ४१ मिनिटांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून दोन अंशसुद्धा वर चढत नाही. मात्र संधिप्रकाश पुष्कळ वेळ रेंगाळतो, त्यामुळे अगदी काळोखात बुडाल्यासारखे होत नाही. डिसेंबरपेक्षा मला ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर जड जातात, कारण दिवस रोज सहा-सात मिनिटांनी कमी होत असतो आणि आपण ते घड्याळात पाहत असतो. फेब्रुवारीत हाच हिशेब उलटा होतो. मार्चमध्ये बर्फ तसाच असतो, आकाश निळे असते, दिवस बारा तासांचा होतो, आणि त्या महिन्यात गाव सोडून जायला येथले कोणीही तयार होत नाही.

पैशांविषयी : राज्याचा आयकर नाही, राज्याचा विक्रीकर नाही, केंद्राचा आयकर अर्थातच भरावा लागतो. तेलाच्या उत्पन्नातून १९७६ साली उभारलेल्या स्थायी निधीतून १९८२ पासून रहिवाशांना दरवर्षी लाभांश मिळतो. २०२२ साली तो माणशी ३,२८४ डॉलर होता, २०२३ साली १,३१२. पण त्यावर आशा ठेवू नका, कारण तो नागरिकांसाठी आणि स्थायी निवासींसाठी असतो, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना तो लागू होत नाही. उलट घर तापवण्याच्या तेलाचा खर्च मात्र सर्वांना सारखाच लागू आहे. आमच्या मध्यम आकाराच्या घराला वर्षाला ८०० गॅलनच्या आसपास तेल लागते. करात वाचलेले बरेचसे टाकीत जाते, असे समजा.

परतलेला

वरील प्रतिसादातली माहिती बरोबर आहे, परंतु लिहिणारे तेथे रमलेले आहेत हे ध्यानात ठेवावे. आम्ही दोन हिवाळे काढले आणि परत आलो, तेव्हा दुसरी बाजू मांडतो.

पहिल्या वर्षी भाडे वाचवण्याच्या मोहाने आम्ही तिथे ज्याला ड्राय केबिन म्हणतात तशा घरात राहिलो. हे लाकडी, उबदार, दिसायला चित्रासारखे असते, पण त्यात नळ नसतो. जमिनीखाली कायम गोठलेला थर असल्यामुळे अनेक ठिकाणी विहीर आणि सांडपाण्याची टाकी करणे खर्चाचे किंवा अशक्य असते, म्हणून अशी घरे तिथे सर्रास आहेत आणि विद्यापीठातले कितीतरी लोक त्यांत आनंदाने राहतात. पाणी पाच-पाच गॅलनच्या कॅनमधून आणायचे, भांडी घासलेले पाणी मोरीखालच्या बादलीत जमते ते बाहेर नेऊन ओतायचे, अंघोळ विद्यापीठात किंवा धुलाई केंद्रात करायची. आजोळी लहानपणी आडावरून पाणी शेंदले होते, त्यामुळे त्याचे मला काही वाटले नाही. परसाकडे जाण्याचे मात्र वाटले. संडास अंगणात, २० पावलांवर, आणि त्याची बैठक जाड निळ्या फोमची कापून केलेली, कारण उणे ४० मध्येही तो फोम अंगाला गार लागत नाही. ही युक्ती ज्याने काढली त्याच्याविषयी आमच्या मनात आजही कृतज्ञता आहे; पण रात्री दोन वाजता पोट बिघडलेल्या माणसाला कृतज्ञता पुरत नाही.

दुसऱ्या वर्षी नळाचे घर घेतले आणि डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी भारतात गेलो. त्या काळात बॉयलर बंद पडला. परत आलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या फरशीवर बर्फाचा पापुद्रा होता, भिंतीतले पाइप फुटले होते आणि घरमालकाने दोष आमच्यावर ढकलला. तिथले जाणते लोक घर रिकामे टाकून कधीच जात नाहीत. कोणाला तरी राहायला बोलावतात, निदान शेजाऱ्याला रोज डोकावायला सांगतात. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तुम्हाला सांगतो.

आणखी दोन गोष्टी पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसत नाहीत. कडाक्याच्या थंडीत गार हवा दरीत तळाला साचते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते; मग लाकडाच्या शेगड्यांचा धूर तिथेच अडकून राहतो. सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत या परिसरातली हवा केंद्र सरकारच्या मानकांत बसत नाही, असे २००९ सालीच अधिकृतपणे ठरले आहे. मुलीला दम्याचा त्रास असेल तर याचा विचार आधी करा. दुसरी गोष्ट म्हणजे उन्हाळ्यातले वणवे : २००४ साली अलास्कात २६ लाख हेक्टरांहून अधिक जंगल जळाले होते आणि फेअरबँक्स कित्येक दिवस धुरात होते. आमच्या वाट्याला तेवढा धूर आला नाही, तरी एक जुलै खिडक्या लावूनच गेला.

थंडी, अंधार, संडास, हे सारे निभावले असते. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा सिएटल, मग आखातातले विमानतळ, मग मुंबई, मग सोलापूर असे करत पोहोचायला तिसरा दिवस उजाडला. तेव्हा मी ठरवले. ह्यूस्टनहूनही वेळ लागतोच, मान्य आहे. तरी तिथे बसल्याबसल्या जे वाटले ते वाटले.

सिंधूकिनारी

माझा फेअरबँक्सशी संबंध नाही, पण कामानिमित्त लेहला पाच हिवाळे काढले आहेत, म्हणून एक लहानशी भर घालतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तिथे पहिला झगडा श्वासाशी असतो. फेअरबँक्स १३६ मीटरवर आहे, म्हणजे कराडपेक्षाही खाली. शिवाय तिथून अँकरेजपर्यंतचा सुमारे ५८० किलोमीटरचा रस्ता बारा महिने चालू असतो. आम्ही हिवाळ्यात विमानाने आलेल्या टोमॅटोचे भाव विचारून पुढे जात असू. दूरच्या गावाचा विचार करताना आधी रस्ता विचारावा आणि तापमान नंतर, असे माझे मत आहे.

सांजवात

कोयनाकाठ, तुमचा प्रश्न घरात बसणाऱ्या बाईचा आहे आणि वरची सगळी उत्तरे पुरुषांची दिसतात, तेव्हा मी सात वर्षांच्या अनुभवावरून लिहिते. आम्ही पुण्याहून थेट येथेच आलो.

शाळेची काळजी करू नका. उणे २९ पर्यंत मुले मधल्या सुट्टीत मैदानातच असतात, त्याखाली पारा गेला तरच त्यांना आत ठेवतात. निव्वळ थंडीसाठी शाळा सहसा बंद होत नाही, बंद होते ती पावसामुळे! २०२१ च्या डिसेंबरात नाताळच्या दुसऱ्या दिवशी येथे पाऊस पडला, तो रस्त्यावर पडताक्षणी गोठला आणि तो बर्फाचा थर पुढे कित्येक महिने रस्त्याला चिकटून राहिला. त्या हिवाळ्यात आम्ही उणे ३५ ला घाबरलो नाही, पण शून्याच्या वर गेलेल्या पाऱ्याला घाबरायला शिकलो. मुलीला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकवा, ती म्हणजे आवारात मूस दिसला की जवळ जायचे नाही आणि हळूच मागे सरायचे. हा प्राणी घोड्याहून उंच असतो आणि आमच्या बसथांब्यावर अधूनमधून माणसांच्या आधी येऊन उभा असतो.

स्वयंपाकघराविषयी कोणीच लिहिलेले नाही. डाळी, मसाले आणि ज्वारीचे पीठ आमच्याकडे वर्षातून दोनदा सिएटलहून खोकी भरून येते. अलास्काचा पत्ता दिसला की काही दुकाने माल पाठवायला नकार देतात किंवा टपालखर्च असा लावतात की, तुरीची डाळ बदामाच्या भावात पडावी. इडलीचे पीठ आणि विरजण बॉयलरच्या खोलीत ठेवते, तेथे ते पुण्यापेक्षाही चांगले लागते. खोबरेल तेल बारा महिने थिजलेले असते. हवा इतकी कोरडी की, टाचांना भेगा पडतात, मुलांच्या नाकातून रक्त येते, आणि लोकरीची शाल काढून दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडते. म्हणून आम्ही धुतलेले कपडे यंत्रात न वाळवता दोरीवर घरातच टाकतो, तेवढाच हवेला ओलावा मिळतो.

दिवाळीनंतर मी रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसून चहा घेते आणि हिशेबाच्या वहीसारखी न चुकता ड जीवनसत्त्वाची गोळी घेते. पहिल्या वर्षी हे थोतांड वाटले होते, आणि त्या वर्षी मी जानेवारीत कारण नसताना रडत असे. तुम्ही घरून काम करणार असाल तर दुपारी बारा ते दोन या वेळेत एकही बैठक ठेवू नका. त्या दोन तासांत बाहेर पडायचेच, मग पारा काहीही असो. भारताच्या घड्याळात आणि आमच्या घड्याळात हिवाळ्यात साडेचौदा तासांचे अंतर असते, ते उलट सोयीचे पडते. आमची रात्रीची भांडी आवरेपर्यंत आईकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ असते आणि ती निवांत बोलते.

आता उन्हाळा. २१ जूनला दिवस २१ तास ४९ मिनिटांचा असतो आणि उरलेल्या वेळातही अंधार होत नाही. त्या सुमारास रात्री दहाला बेसबॉलचा सामना दिव्यांशिवाय खेळला जातो, ही प्रथा १९०६ पासूनची आहे. कोबी आणि मटार दिवसागणिक वाढताना दिसतात. कोथिंबीर आणि पालक मात्र एवढ्या लांब दिवसाने फसतात आणि वीतभर होण्याआधीच फुलावर येतात. मी आता कोथिंबीर खिडकीत, पडद्याआड लावते. (मुलांच्या खोलीलाही जाड काळे पडदे लावावे लागतात, नाहीतर अकरा वाजता "अजून ऊन आहे" हे उत्तर तयार असते.) डास भयंकर आहेत. ऑगस्टच्या शेवटी टेकड्यांवर लिंगनबेरी पिकतात, त्यांचे मी करवंदांसारखे लोणचे घालते. पहिल्यांदा चाखले तेव्हा आंबोलीची आठवण आली.

माणसांविषयी एकच प्रसंग सांगते. तिसऱ्या हिवाळ्यात उणे ४२ असताना धुक्यात माझी गाडी बंद पडली. धुके कसले, गाड्यांच्या आणि धुराड्यांच्या वाफेचेच बर्फाचे कण हवेत तरंगत होते. १० मिनिटांत तीन गाड्या थांबल्या. तिसऱ्या गाडीतल्या आजोबांनी मला आपल्या गाडीत बसवले, माझ्या गाडीखाली गुडघ्यांवर बसून काहीबाही केले आणि नाव न सांगता निघून गेले. अशा थंडीत अडलेल्याला ओलांडून पुढे जायचे नाही, हा येथला अलिखित नियम आहे आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला दम्याचा त्रास नाही, पण सर्दी चटकन होते, त्यामुळे धुराचा मुद्दा आम्ही गंभीरपणे घेतला आहे. दोन प्रश्न उरतात. घर कोणत्या भागात पाहावे? आणि यजमानांना रुजू होण्यासाठी मे किंवा ऑगस्ट असे दोन पर्याय आहेत, त्यांतला कोणता घ्यावा?

बर्चवन

घर टेकडीवर पाहावे. मी वर म्हटले त्या थंडीच्या दिवसांत दरीत उणे ४० असते, तेव्हा टेकडीवर कधीकधी १० ते १५ अंश अधिक असतात आणि धूर खाली राहतो. दक्षिणेकडे उताराची जागा मिळाली तर हिवाळ्यातले ते तीन तास ऊन तुमच्या खिडकीत येते. आजूबाजूला बर्च आणि अ‍ॅस्पेनची झाडे असतील तर जमीन बहुधा चांगली असते. काळे स्प्रूस, खुरटे आणि वेडेवाकडे कललेले दिसले की खाली गोठलेला थर आहे असे समजावे. अशा जमिनीवरची घरे खालचा बर्फ वितळला की एका बाजूला खचतात, आणि घर पाहायला गेल्यावर दारे आपोआप उघडतात का, हे पाहण्याची येथे रीत आहे. भाड्याच्या घरात तुम्हाला त्याचा तोटा नाही, पण खचलेल्या घराच्या भेगांतून उष्णता जाते आणि तेलाचे बिल तुमच्या नावाने येते. टेकडीवरच्या काही विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक असते, तेव्हा पाण्याचा तपासणी-अहवाल मागून घ्या, किंवा पाणी टँकरने येते का ते विचारा.

परतलेला यांनी लिहिलेल्या अंतराच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी आई ८१ वर्षांची आहे.

मे की ऑगस्ट, तर मे घ्या. एक पूर्ण उन्हाळा अंगावर घेतला की हिवाळ्याला सामोरे जायला बळ येते.

सांजवात

येथे मी असहमत आहे. मेमध्ये आलेली माणसे जूनच्या उजेडात हे गाव ठरवतात आणि नोव्हेंबरात त्यांना फसवल्यासारखे वाटते. शिवाय शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. मुलीला पहिल्या दिवसापासून वर्गात बसता येईल आणि तुम्हाला शाळेच्या दारात भेटणाऱ्या आयांमधून ओळखी होतील. मी पहिल्या वर्षी ज्या चार घरी जेवले, त्या चारही ओळखी बूट काढण्याच्या पडवीत झाल्या. होय, प्रत्येक घराला पुढे एक बंद पडवी असते, तेथे थंडी अडवायची, बूट आणि कोट तेथेच ठेवायचे. चपला घरात आणणाऱ्यांवर ओरडावे लागत नाही, एवढे सासूबाईंना जरूर सांगा.

कोयनाकाठ

हे सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग बरी माणसे आहेत." यजमानांनी विद्यापीठाला कळवून प्रत्यक्ष भेटीची तारीख मेऐवजी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मागून घेतली आहे आणि आम्ही तिघेही पाच दिवसांसाठी जाणार आहोत. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली असेल, तेव्हा तिळगूळ बरोबर आणते. गाडी भाड्याने घ्यावी लागेल, त्याबद्दल काही सांगायचे असल्यास सांगावे.

बर्चवन

विमानतळावर गाडी घेताना समोरून वायर लोंबते आहे ना, हे पाहा आणि उतरण्याच्या जागी बाहेर प्लग आहे ना, हे आरक्षणाआधी विचारा. डिकीत एक लांब एक्स्टेंशन वायर, तीन ब्लँकेटे आणि खायला काहीतरी ठेवा. ती वायर मात्र बाहेरच्या थंडीसाठी बनवलेलीच घ्या. साधी वायर उणे ३० ला काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की तडकते.